पडद्याकडे पाठ: हिराजी भोईर

हिराजी भोईर यांना मी प्रथम पाहिले त्याच दिवशी त्यांचे डोके फोडले. हे वाक्य मी मुद्दाम पहिल्या ओळीत लिहितो, कारण आमच्या रसिक मंडळाने यंदा काढलेल्या स्मरणिकेत श्री. सबनीस यांनी हाच प्रसंग वर्णिला आहे, आणि तो धडधडीत चुकीचा वर्णिला आहे. सबनीस म्हणतात, 'बायकांकडे टक लावून बघतो म्हणून प्रेक्षकांनी त्याला चोपला.' प्रेक्षकांनी त्यांना बोटही लावले नव्हते. मारणारा एकटा मी होतो. त्या काळी मी अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर असलेल्या थिएटरचा व्यवस्थापक होतो. सबनीस तेव्हा कुठे होते, ते त्यांनाच विचारावे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. शनिवारचा तीनचा खेळ चालू होता, चित्रपट रडका आणि कौटुंबिक. आमचा डोअरकीपर सदू धापा टाकत माझ्या खोलीत आला. "साहेब, एक माणूस पडद्याखाली उभा आहे. पब्लिककडे तोंड करून. लेडीज लोकांकडे बघतो नि वहीत काहीतरी लिहितो. हटतच नाही."

माझ्याकडे पाच सेलची लोखंडी बॅटरी असे. ती घेऊन मी आत गेलो. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, आग विझवण्याच्या वाळूच्या बादल्यांजवळ, पांढरा सदरा घातलेला एक काटक माणूस उभा होता. पाठ पडद्याला, तोंड माणसांना. पडद्यावरचा उजेड त्याच्या खांद्यावरून पुढे जाऊन लोकांच्या चेहऱ्यांवर पडत होता आणि त्या उजेडात तो चेहरे वाचत होता. मी त्याचा दंड धरला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "शू!"

माझ्या थिएटरात, मला, शू! मी बॅटरी त्याच्या कपाळावर हाणली. भुवईच्या वर कातडे फाटले, रक्त डोळ्यात उतरले. त्याने ते सदऱ्याच्या बाहीने पुसले, नजर मात्र प्रेक्षकांवरून हलवली नाही, आणि शांतपणे म्हणाला, "मारा म्यानेजर, पन अर्धा मिनिट थांबा. आता डावीकरच्या बायका रडतील. उजवीकरच्या नाय रडायच्या."

अर्ध्या मिनिटाने डावीकडून मुसमुसणे सुरू झाले. उजवीकडे सगळे कोरडे. मी थक्क होऊन विचारले, "हे तुम्हाला कसे कळले?"

"उजवीकरं पंखा चालू हाय. तोंडावर वारा लागला का मानूस रडत नाय." मग त्याने प्रथमच माझ्याकडे पाहिले. "डावीकरचा बंद हाय. दुरुस्त करू नका."

डावीकडचा पंखा बंद असल्याची तक्रार पंधरा दिवस माझ्या टेबलावर पडून होती. मी त्या माणसाला खोलीत नेले, कपाळावर हळद दाबली आणि चहा मागवला. त्याने खिशातून मुंबईच्या एका वितरक कंपनीचे पत्र काढून माझ्यापुढे ठेवले. रक्ताने त्याचा एक कोपरा चिकटला होता. पत्रात लिहिले होते की श्री. हिराजी कान्हा भोईर हे आमचे प्रेक्षक-निरीक्षक असून त्यांना सर्व सहकार्य करावे.

सबनीस त्यांना 'पोस्टर चिकटवणारा' म्हणतात. पोस्टर कुठे चिकटवायचे हे हिराजी सांगत असत. खळीची बादली त्यांनी कधी हातात धरली नाही. एवढे सांगून तो मुद्दा मी संपवतो.

त्यांचे खरे काम समजून घ्यायचे तर तेव्हाची एक रीत सांगायला हवी. त्या वितरकाला कोणी तरी सुचवले होते की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही लागून असलेली तीन गावे म्हणजे तीन वेगळ्या तऱ्हेचे प्रेक्षक आहेत: सिंधी व्यापारी, कारखान्यातले लोक आणि शेतकरी. म्हणून कंपनी आपला चित्रपट सगळीकडे लावण्याआधी एक आठवडा या तीन गावांत लावी. हिराजी तिन्हीकडे जाऊन प्रेक्षक बघत आणि सोमवारी मुंबईला अहवाल पाठवत. त्या अहवालावरून कुठले रीळ कापायचे, जाहिरातीत नटाचा चेहरा मोठा ठेवायचा की आईचा, आणि चित्रपट किती गावांत न्यायचा, हे ठरे. कॉलेजात शिकलेल्या पोरांनी पुढे दूरदर्शनच्या प्रेक्षकांसाठी घरोघर वह्या वाटून जे केले, ते बदलापूरपलीकडच्या खेड्यातला, चौथी शिकलेला हा शेतकरी नुसत्या डोळ्यांनी आणि कानांनी करत होता.

त्यांच्या वहीत प्रत्येक रिळाला एक ओळ आणि ओळीत चार रकाने असत: खोकला, खुर्ची, मुतारी, पोर. किती जण खोकले, किती खुर्च्या करकरल्या, किती जण उठून गेले, किती पोरे रडली. टाळीचा आणि शिट्टीचा रकाना त्यात नव्हता. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "शिट्टी मानूस दुसऱ्याला आयकवायला मारतो. खोकला सोताचा असतो." लोक कसे हसतात याचाही त्यांनी अभ्यास केला होता. "उल्हासनगर कॅम्प दोनचा मानूस विनोद व्हायच्या आधीच हसतो, त्याला घाई असते. तुमचं अंबरनाथचं हापिसर लोक आधी बाजूच्या हापिसराकरं बगतात, मग हसतात. आमच्या बदलापूरचा मानूस हसतच नाय. बाजूवाल्याला कोपर मारतो. ती कोपरं मोजाया लागतात."

हे सारे ते स्वतःच्या खुणांनी टिपत: रेघा, टिंबे, फुल्या. लिहिण्याचा त्यांना कंटाळा होता आणि सही करायला त्यांना अर्धा मिनिट लागे. म्हणून सोमवारी सकाळी ते माझ्या खोलीत बसून सांगत आणि मी सुवाच्य अक्षरात कंपनीच्या कागदावर अहवाल लिही. खाली ते दाबून, जीभ दाताखाली धरून, सही करत. शेतीच्या दिवसांत त्यांना यायला जमत नसे, तेव्हा सदूबरोबर वही पाठवत; त्या खुणा एव्हाना मला वाचता येत. त्यासाठी दोन-तीन कोरे कागद त्यांनी सही करून माझ्या खणात ठेवलेले असत. सात वर्षे हे असे चालले. ज्यांना यात मूर्खपणा दिसतो त्यांनी खुशाल म्हणावे. त्याला आम्ही विश्वास म्हणत होतो.

हा माणूस मारामारीला भीत नसे, पण त्याचे शौर्यही कोणी सांगू नये. त्यांना मारामारीत फक्त माहिती दिसे. एकदा त्यांच्याच सल्ल्यावरून कंपनीने एका चित्रपटातले गाणे कापले. ते गाणे रेडिओवर गाजलेले होते. उल्हासनगर कॅम्प दोनच्या थिएटरात पहिल्याच खेळाला गाणे आले नाही आणि लोक उसळले. मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बाल्कनीतून खुर्च्यांचे पाय खाली येत होते. सोड्याच्या बाटल्या भिंतीवर फुटत होत्या, एका माणसाचा कान अर्धा लोंबत होता आणि तो तशाच अवस्थेत दुसऱ्याला बुकलत होता. तिथले मालक लालशेठ दारात उभे राहून ओरडत होते, "साईं, मारामारी बाहर करो! अंदर मेरी खुर्ची है!" आणि हिराजी मधल्या वाटेत उभे राहून लिहीत होते. मी त्यांना ओढले तर म्हणाले, "थांबा. पैली खुर्ची बाल्कनीतून तुटली, का खालून, ता बगू द्या." तेवढ्यात एक फळी त्यांच्या पाठीत बसली. ते गुडघ्यावर आले, पेन्सिल उचलली, फुली मारली आणि मला म्हणाले, "खालून."

सोमवारी ते माझ्यासमोर बसले. पाठ आखडल्यामुळे त्यांना खुर्चीला टेकता येत नव्हते. म्हणाले, "लिवा. गानं कापाया मीच सांगितलंता. मी चुकलो. मानसांनी बरोबर केलं." मी म्हटले, "हिराजी, हे कशाला लिहायचे? कंपनी तुम्हाला काढून टाकील." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी लिहायला लागलो. कंपनीने काढले नाही, गाणे परत घातले. मुंबईचे ते लोक पुढे मला म्हणाले होते की बाकी सगळे निरीक्षक आम्हाला आवडेल ते लिहितात. या एका माणसाचा कागद आला की आम्ही पैज लावू शकतो. हिराजींची सारी मालमत्ता ही एवढीच होती: त्यांचा कागद खोटा नसतो. म्हणूनच, 'शेवटी त्यानेही एका दादाकडून रंगीत टीव्ही घेऊन खोटा अहवाल दिला' हे सबनीसांचे वाक्य मी सहन करू शकत नाही. खोटा अहवाल गेला, हे खरे. तो कोणी पाठवला ते आता सांगतो.

नव्वदचे दशक उजाडले आणि घराघरावरून केबलच्या काळ्या तारा गेल्या. त्या तारांवर ज्याची सत्ता होती त्याला सगळे बाळादादा म्हणत. दुसऱ्याची तार दिसली की त्याची माणसे ती कापत, आणि तार ओढणारा पोरगा सापडला तर त्याची बोटेही. आनंदनगरच्या कारखान्यांच्या बाजूला एका पोराला त्यांनी त्याच्याच तारेने खांबाला बांधून मारले होते, आणि पाळी सुटून बाहेर पडलेले कामगार माना खाली घालून त्याच्यासमोरून निघून गेले होते. या बाळादादाने मेहुण्याला नायक करून चित्रपट काढला. त्याच वितरकाने तो घेतला, पण अट घातली: तीन गावांत आठवडाभर चालवू, हिराजी भोईर यांचा कागद चांगला आला तर सगळीकडे लावू.

चित्रपट शुक्रवारी माझ्या थिएटरात लागला. रविवारी तीनचा खेळ सुटल्यावर बाळादादा स्वतः आला. हिराजी माझ्या खोलीत चहा पीत होते.

"काय म्हणतो पिक्चर, भोईरकाका?" बाळादादाने खुर्ची उलटी करून तिच्यावर बसत विचारले.

"पाचव्या रिलापर्यंत बरा हाय. तिकडून मानसा उठतात."

"कोण उठतात? माझी पोरं वर बसून शिट्ट्या मारून मारून मेली!"

"त्यांच्या शिट्ट्या आयकून लोकांना वाटला, आता कायतरी व्हनार. मग काय झालाच नाय. म्हनून जास्ती उठली."

बाळादादा हसला. "काका, जास्ती शानपट्टी नको. रिपोर्ट अपना मस्त पाहिजे. तुमच्या घरी कलर टीव्ही पोचवतो, काकी बघेल."

"टीव्ही नको. पाचवा आनि सातवा रील कापा. पिक्चर वाचंल. मी खरंच सांगतोय. नटाचा काम वाईट नाय, त्याला बोलाया फार दिलाय."

मी तिथे होतो, आणि साक्ष देतो की त्यांचा स्वर अपमानाचा नव्हता. ते त्या माणसाला मदत करत होते. डॉक्टरने रोग्याला सांगावे तसे सांगत होते. बाळादादाने मान डोलावली आणि तो उठून गेला. अर्ध्या तासाने हिराजी बाहेर पडले तेव्हा सायकल स्टँडमागे चौघांनी त्यांना गाठले. मी खिडकीतून पाहिले. त्यांनी हिराजींचा उजवा हात सायकलच्या चाकात, आऱ्यांमधून घातला आणि एकाने पॅडलवर पाय दिला. तो आवाज खुर्चीच्या करकरीसारखा होता. हिराजी ओरडले नाहीत असे त्यांचा पुतण्या अरुण सांगतो. अरुण तिथे नव्हता. हिराजी ओरडले. माणूस ओरडेल तसेच ओरडले, आणि सहाच्या खेळाला आलेली सगळी रांग ते ऐकत उभी राहिली. वही फाडून त्या चौघांनी गटारात टाकली.

सदूने आणि मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. हात दोन ठिकाणी मोडला होता.

सोमवारी सकाळी बाळादादाची माणसे माझ्याकडे आली. अहवाल माझ्या अक्षरात जातो आणि सही केलेले कागद माझ्या खणात असतात, हे त्यांना ठाऊक होते. गावात कोणाला ठाऊक नव्हते? मी नाही म्हणालो. हे मी सांगतो कारण ते खरे आहे. मी एकदा नाही म्हणालो. मग ते मला वर प्रोजेक्टरच्या खोलीत घेऊन गेले. तिथे आमचे ऑपरेटर उस्मानचाचा सकाळच्या खेळासाठी कार्बन पेटवत होते. त्या जुन्या यंत्रात दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये असा प्रखर जाळ होत असे की काळ्या काचेशिवाय त्याच्याकडे बघवत नसे. त्यांनी चाचांची मान धरली, दिव्याच्या पेटीचे दार उघडले आणि तोंड त्या जाळाकडे नेले. पापण्यांचे केस जळल्याचा वास खोलीत पसरला. चाचा म्हणत होते, "मॅनेजरसाब, लिख दो, लिख दो."

मी लिहिले. 'पाचव्या रिळापासून टाळ्या आणि शिट्ट्यांनी थिएटर दणाणून गेले,' असे लिहिले. सबनीसांनी नेमके हेच वाक्य पुरावा म्हणून स्मरणिकेत छापले आहे. सबनीस, ते वाक्य माझे आहे. हिराजी भोईर यांनी उभ्या आयुष्यात शिट्टी मोजली नाही.

माझ्याविषयी आपुलकी असणारे काही जण म्हणतात की मी शिट्टीचा उल्लेख मुद्दाम केला असणार, मुंबईच्या लोकांना संशय यावा म्हणून. त्यांचे आभार, पण ते खोटे आहे. सात वर्षे मी त्या माणसाचा शब्द न् शब्द लिहून घेतला होता आणि भीतीच्या वेळी त्यातले काहीही माझ्याजवळ उरले नव्हते. दुसरे काही जण म्हणतात की चाचांच्या डोळ्यांसाठी लिहिले, त्यात दोष कसला. हेही मी मान्य करत नाही. कागद घेऊन ती माणसे अकरा वाजता गेली. चाचांना सदूने डॉक्टरकडे नेले. त्यांचे डोळे वाचले. माझ्या टेबलावर टेलिफोन होता. मुंबईच्या कार्यालयाचा क्रमांक मला पाठ होता. तो कागद पोचायला संध्याकाळ होणार होती. मी दिवसभर त्या टेलिफोनसमोर बसलो आणि तो उचलला नाही.

गुरुवारी हिराजी आले. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. म्हणाले, "म्यानेजर, या सोमवारचा कागद राहिला ना? लिवून घ्या. वही गेली, पन माज्या ध्यानात हाय सगला."

मी खणातून कार्बन प्रत काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती वाचायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे सरकवली. "वाचा."

मी वाचली. शिट्ट्यांपर्यंत आलो आणि त्यांनी प्लास्टरचा हात फिरवला. तो माझ्या जबड्यावर बसला. मी खुर्चीसकट भिंतीवर आदळलो, दाढ पडली आणि तोंडात रक्त आले. प्लास्टरला तडा गेला होता आणि वेदनेने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

अरुण शोकसभेत म्हणाला, 'काकांनी मॅनेजरसाहेबांना मोठ्या मनाने माफ केले.' अरुण, तुझ्या काकांनी मला माफ केले नाही. त्यांनी माझी दाढ पाडली. त्या माणसाला मोठ्या मनाचा करून तू त्याला लहान करतो आहेस.

"शिट्टी?" ते म्हणाले. तोवरच्या सात वर्षांत ते मला 'तुमी' म्हणत. त्या क्षणापासून 'तू' झाले. "माज्या नावावर शिट्टी? तू बगितलास का? पाचव्या रिलाला मानसा काय करत होती, तू बगितलास?"

"मी ऑफिसात होतो."

"मग तुला कसा कलला? मना मारला, ता जाऊ दे. तुला भ्या दाखवला, ता पन जाऊ दे. पन न बगता लिवलास?"

मी चाचांचे सांगितले. ते ऐकून त्यांनी तडकलेले प्लास्टर डाव्या हाताने दाबून धरले. मग म्हणाले, "चाचा बरा हाय ना? मग ऊठ. सहाचा खेल हाय. आज तू बगायचा."

त्या दिवशी सहाच्या खेळाला मी, माझ्याच थिएटरात, पडद्याखाली, वाळूच्या बादल्यांजवळ, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिलो. हिराजी शेजारी. बाळादादाची पोरे बाल्कनीत होती. त्यांनी आम्हाला ओळखले आणि आधी शिव्या, मग शेंगांची टरफले, मग बाटल्या आल्या. एक माझ्या खांद्यावर फुटली, काच सदऱ्यातून आत गेली. मी खाली वाकलो तर हिराजींनी डाव्या हाताने माझी कॉलर धरून मला सरळ केले. "बाटलीकरं नको बगू. तिसऱ्या रांगेत बग."

तिसऱ्या रांगेत एक माणूस पाचव्या रिळाच्या उजेडात स्वतःचे तिकीट वाचत होता. तिकिटावर वाचण्यासारखे काय असते? पण तो वाचत होता, उलटसुलट करून. त्याच्या पलीकडे एक बाई पोराच्या बुटाची नाडी सोडत होती आणि परत बांधत होती. मग एक उठला, मग त्याच्यामागून सहा. मी बारा वर्षे त्या थिएटरचा व्यवस्थापक होतो, आणि तोवर मी फक्त माणसांच्या माना मागून पाहिल्या होत्या. माझ्या खांद्यातून रक्त वाहत होते आणि मी मोजत होतो. खोकला एकोणीस. खुर्ची, मोजता येईनात इतक्या.

खेळ संपल्यावर आम्ही खरा अहवाल लिहिला. मी सांगितले आणि मीच लिहिले. हिराजी मधूनमधून चूक दाखवत होते. सही करायला त्यांचा उजवा हात चालत नव्हता. त्यांनी डावा अंगठा उठवला. कागद शुक्रवारी सकाळी सदूबरोबर मुंबईला गेला.

त्या अंगठ्यानेच घात केला. कंपनीकडे दोन अहवाल होते: एक सही असलेला, त्यांचा नेहमीचा, दुसरा चार दिवस उशिरा आलेला, नुसत्या अंगठ्याचा. त्यांनी पहिला खरा धरला. चित्रपट सगळीकडे लागला आणि सगळीकडे पडला. मग कंपनीचे पत्र आले. हिराजी ते घेऊन माझ्याकडे आले आणि मी ते वाचून दाखवले: पहिला अहवाल दडपणाखाली वा लोभाने दिलेला दिसतो, दुसरा अंग काढून घेण्यासाठी, सबब आपल्या सेवेची गरज उरलेली नाही.

त्यांनी पत्र माझ्या हातातून परत घेतले. मग म्हणाले, "लोभ म्हनजे टीव्हीच ना?"

"मी मुंबईला जातो," मी म्हणालो. "समोर बसून सांगतो की तो कागद मी लिहिला. तुमचे काम परत मिळेल."

"कवा जाशील?"

"सोमवारी."

त्यांनी मान हलवली, पत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात घातले आणि ते गेले.

सोमवारी थिएटरसमोर बाळादादाच्या माणसाची मोटरसायकल उभी होती. मी गेलो नाही. पुढच्या सोमवारी ती नव्हती. तरी मी गेलो नाही. दोन वर्षांनी बाळादादाला त्याच्याच धंद्यातल्या माणसांनी कॅम्प दोनच्या बाजारात भर दुपारी तलवारींनी तोडले. दुकानदारांनी शटरे ओढली आणि तो तासभर एकटा रस्त्यात पडून होता. त्या दिवसापासून मला भिण्यासारखे जगात कोणी उरले नव्हते. तेव्हाही मी गेलो नाही. मी व्यवस्थापक होतो, माझ्या अक्षराची लोक तारीफ करत. मुंबईच्या त्या गुळगुळीत टेबलासमोर बसून 'मी खोटे लिहिले' म्हणणे माझ्या जिभेला जमत नव्हते. याला कोणी दुसरे नाव देऊ नये.

हिराजी बदलापूरला परत गेले. काकडी, भेंडी, पडवळ पिकवत आणि बाजारात घेऊन येत. बाजारात टीव्हीच्या दुकानाबाहेर माणसे घोळका करून क्रिकेट बघत उभी असली की ते टोपली खाली ठेवून घोळक्याच्या पुढच्या बाजूला जात आणि दुकानाच्या काचेला पाठ लावून उभे राहत. मी एकदा तसे पाहिले. जवळ गेलो. मला बघून त्यांना ना आनंद झाला ना राग आला. म्हणाले, "घराघरात टीव्ही आला. आता मानूस एकटा खोकतो. मोजायचा कुनी?" सोमवारविषयी त्यांनी विचारले नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही कधी नाही. मीही काढले नाही. आम्ही पावशेर भेंडीवर बोललो आणि मी गाडी पकडली.

ते गेले ते छातीच्या दुखण्याने, घरीच. मला चार दिवसांनी कळले. मी त्यांच्या गावी गेलो. पडवीत त्यांच्या पत्नी जनीबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी नाव सांगितले. त्यांनी हातातले थांबवले, पदर सारखा केला आणि मला पाट दिला.

"तुमीच का ते म्यानेजर?" त्या म्हणाल्या. "बोलायचे तुमच्याविषयी. बोलायचे, म्यानेजर मुंबैला जानार हाय, सगला सांगून येनार हाय. मी बोलायची, अजून नाय गेला? ते बोलायचे, जाईल, त्याला वेल नाय मिलत." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "जाऊन आलाव ना?"

मी 'हो' म्हणालो.

"काय बोलली ती लोकं?"

"त्यांना पटले."

"मंग बरा झाला," जनीबाई म्हणाल्या आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला. तो मी प्यालो.

असा मी त्या घरातही खोटा अहवाल दिला. कंपनी आता बुडाली, ते कार्यालय उरले नाही, तिथे सांगायला जाण्याजोगे कोणी नाही. सबनीस स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढणार आहेत; त्यांनी आपले वाक्य दुरुस्त करावे, आणि 'रंगीत टीव्ही' हे शब्द काढून तिथे माझे नाव घालावे. पूर्ण नाव घालावे: गजानन विष्णू टिळेकर. जनीबाई अजून आहेत. त्यांना वाचता येत नाही, म्हणून अरुण हा लेख त्यांना वाचून दाखवील. अरुण, बाकी काय गाळायचे ते गाळ, पण एवढे गाळू नकोस: काकू, मी गेलो नव्हतो.